इंधननळीचे फिटिंग: पितळी, निळे, काळे... छोट्या विमानाच्या इंजिनाला नेमके कोणते?

एकपंखी

नमस्कार मंडळी. खालच्या पंखाचं दोन आसनी विमान स्वतः बांधतोय, तीन वर्षं होत आली. सांगाडा, पंख, चाकं झाली आणि आता इंधनव्यवस्थेपाशी गाडी अडकली आहे. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, कार्ब्युरेटरवालं. टाक्या पंखांच्या मुळाशी. तिथून सिलेक्टर व्हॉल्व्ह (टाकी निवडायचा), फायरवॉलवर (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर) गॅस्कोलेटर, म्हणजे पाणी-कचरा अडवणारी गाळणी, मग इलेक्ट्रिक पंप आणि पुढे इंजिनाचा स्वतःचा यांत्रिक पंप. मुख्य नळी ३/८ इंच, ५०५२-ओ अॅल्युमिनियम, ०.०३५ इंच जाडीची. दाबमापकाकडे जाणारी नळी १/४ इंच.

फिटिंग तीन-चार ठिकाणांहून जमवलेत. डब्यात बरेचसे निळे, काही पितळी, थोडे काळे पोलादी. मापं जुळतात (जवळजवळ सगळी). तर, पितळी चालतील का? एएन (विमानाच्या फिटिंगचं प्रमाण) आणि जेआयसी (कारखान्यांतल्या फिटिंगचं) यांत खरोखर फरक आहे की नुसता नावाचा? आणि एल्बो (वळणाचे फिटिंग) किती झाले म्हणजे जास्त झाले? एकाने सांगितलं की प्रत्येक एल्बो म्हणजे नळीतला बूच.

पानाकाका

"जवळजवळ" म्हणजे? कोणती जुळतात आणि कोणती नाहीत ते आधी सांगा. बाकीचं मग बोलू.

एकपंखी

काका, १/४ इंची सगळी एकमेकांवर छान बसतात. पितळी नट निळ्या फिटिंगवर हातानेच फिरतो. ३/८ ची पितळी मात्र निळ्यावर बसत नाहीत, नट मोठा पडतो. म्हटलं त्या बनवणाऱ्याचं माप वेगळं असेल.

पानाकाका

वाटलंच होतं. माप वेगळं नाही, जातच वेगळी आहे. तुमची पितळी फिटिंग मोटारीची, ४५ अंशांच्या फ्लेअरची आहेत (फ्लेअर म्हणजे नळीचं शंकूसारखं पसरवलेलं टोक). विमानाची एएन फिटिंग ३७ अंशांची.

३/८ ला देवाने तुम्हाला वाचवलं. तिथे एएनचा आटा ९/१६-१८ (इंची व्यास, मग इंचामागे आटे) असतो आणि ४५ अंशवाल्याचा ५/८-१८, त्यामुळे चूक करायची ठरवली तरी होत नाही. पण १/४ ला दोन्हींचा आटा ७/१६-२०, आणि ५/१६ ला दोन्हींचा १/२-२०. नट गोडीगुलाबीने फिरतो, शेवटपर्यंत जातो, आवळला की घट्टही लागतो. आत काय झालेलं असतं? फ्लेअरचा शंकू आणि फिटिंगचा शंकू आठ अंशांनी चुकलेले. जिथे पूर्ण पृष्ठभाग पृष्ठभागाला टेकायला हवा, तिथे एक बारीक कडं तेवढं टेकतं. पहिल्या दिवशी गळत नाही. दुसऱ्या महिन्यात ओल दिसते, तुम्ही पाव फेरा आवळता, ते कडं मऊ नळीत अजून रुततं. इंजिनाची थरथर सतत चालू असतेच. एक दिवस फ्लेअर तिथूनच चिरतो.

आणि तुमची १/४ इंची नळी कुठली? दाबमापकाची. म्हणजे पंपाच्या पुढची, दाबाखालची, एक्झॉस्टच्या शेजारून जाणारी. नेमकी तीच.

पितळ वाईट म्हणून नाही, कोन चुकीचा म्हणून ती फिटिंग डब्यातून काढा. नुसती बाजूला ठेवू नका, घराबाहेर काढा. बाजूला ठेवलेली वस्तू रात्री अकरा वाजता हाताशी येते.

गॅरेजदादा

काकांच्या कोनाशी सहमत. पण जेआयसी ३७ अंशच असतं आणि आटाही तोच, त्याला कशाला घाबरायचं? शर्यतीच्या गाड्यांवर मी वर्षानुवर्षं लावतोय. तिथे काय थरथर नसते?

पानाकाका

असते. आणि गळलं तर तुम्ही गाडी कडेला घेता.

जेआयसी भौमितिकदृष्ट्या एएनमध्ये बसतं, गळणारही नाही, हे खरं. फरक आट्याच्या दर्जात आहे. एएनचे आटे तिसऱ्या वर्गाचे, सहनमर्यादा घट्ट; जेआयसीचे दुसऱ्या वर्गाचे, जरा सैल. शिवाय एएन कोणत्या मिश्रधातूचं, कोणत्या विनिर्देशाप्रमाणे, हे कागदावर असतं. औद्योगिक फिटिंगमागे तो कागद असेलच असं नाही. विमान प्रमाणित असेल तर विषयच संपला, भागांच्या यादीत जे आहे तेच लावायचं. स्वतः बांधलेल्यावर निर्णय तुमचा. माझं मत विचाराल तर फायरवॉलच्या पुढे जेआयसी नको.

आणि निळ्या रंगाला भुलू नका. निळा म्हणजे अॅल्युमिनियमचं एएन आणि काळा म्हणजे पोलादी, ही रीत खरी. पण शर्यतीच्या गाड्यांचे निळे फिटिंग ढिगाने मिळतात आणि निळा रंग कोणीही चढवू शकतं. जुन्या मालात एसी जातीचे (एएनच्या आधीच्या प्रमाणाचे) फिटिंगही सापडतात, राखाडी नाहीतर पिवळे. ओळखायची खूण अशी: एएनमध्ये आटे शंकूच्या थोडे अलीकडे संपतात, मध्ये छोटी खाच-पायरी दिसते. एसीमध्ये आटे थेट शंकूला भिडतात. भिंग घेऊन बसा, एका संध्याकाळचं काम आहे.

नवशिका_पायलट

माझ्यासारख्यांसाठी कोणी फिटिंगच्या क्रमांकातला तो -४, -६ चा घोळ सोडवेल का?

अपूर्णांक

घोळ नाही, नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागात मोजायचा एवढंच. -६ म्हणजे ६/१६, म्हणजेच ३/८ इंच. -४ म्हणजे १/४. फसगत होते ती होजच्या (लवचीक नळीच्या) बाबतीत. -६ च्या विमान-होजचं आतलं छिद्र ३/८ नसतं, साधारण ५/१६ असतं. कारण ते -६ च्या नळीच्या आतल्या मापाशी जुळवलेलं आहे: ०.३७५ मधून दोन भिंतींचे ०.०७० वजा केले की ०.३०५ इंच उरतात. होज कापून "हे तर बारीक निघालं" म्हणून परत पाठवणारे पाहिलेत.

आता एल्बोचा बूच. एकपंखी, तुमच्या इंजिनाला टेकऑफला ताशी सुमारे २७ लिटर लागतात. अमेरिकी नियमांच्या भाग २३ मध्ये जुना दंडक असा होता की पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेने टेकऑफच्या खपाच्या १२५ टक्के आणि नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या व्यवस्थेने १५० टक्के इंधन द्यायला हवं. घरी बांधलेल्या विमानाला तो बंधनकारक नसला तरी मापदंड उत्तम आहे. तुम्हाला ताशी ३३.७५ लिटर हवेत.

एवढा प्रवाह ०.३०५ इंची छिद्रातून जाताना वेग किती? सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर. या वेगाला एका एल्बोत जो दाब खर्च होतो तो इंधनाच्या स्तंभात मोजला तर काही मिलिमीटर. सरळ नळीतच दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर जातो. म्हणजे चार एल्बो मिळून एक-दीड मीटर नळीइतके. बूच वगैरे काही नाही.

हीच मुख्य नळी १/४ इंची केली तर? छिद्र ०.१८ इंच, वेग जवळजवळ तिप्पट, आणि दर मीटरला १४ सेंटिमीटरच्या आसपास खर्च. वरच्या पंखाच्या, पंपाशिवायच्या विमानात वरून खाली उंचीच किती मिळते? तिथे मीटरमागे १४ सेंटिमीटर म्हणजे कंबरडं मोडलं. लोक एल्बो मोजत बसतात आणि नळीच्या मापावर एक क्षण घालवत नाहीत, याची मला गंमत वाटते.

गॅरेजदादा

ताई, हिशेब मान्य. मग सगळेच "एल्बो टाळा" का म्हणतात?

ढगातला_डबा

याचं उत्तर मी देतो, स्वतः भोगलंय म्हणून.

माझंही खालच्या पंखाचं. टाकी पंपापेक्षा खाली, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी चोखणारी. त्या भागात इंधन बाहेर येत नाही, हवा आत जाते. हे वाक्य मी आधीही वाचलं होतं, समजलं मात्र नंतर. उन्हाळ्यात चढताना दाबाचा काटा थरथरायला लागला. इलेक्ट्रिक पंप चालू केला की शांत. खाली उतरून काऊल (इंजिनावरचं झाकण) उघडलं, कुठेही थेंब नाही, डाग नाही, वास नाही. पंप बदलला. मापक बदलला. कार्ब्युरेटर उघडले. शेवटी कोणीतरी म्हणालं, जिथे गळत नाहीये तिथे बघ.

सिलेक्टर व्हॉल्व्हच्या ९० अंशाच्या एल्बोवर फ्लेअरला केसाएवढी चीर होती. उभ्या विमानात इंधन तिथून पाझरत नव्हतं, पण पंप ओढायला लागला की हवा आत यायची. गरम पेट्रोल आधीच वाफ व्हायला टपलेलं असतं, त्यात हे बुडबुडे.

एल्बो वाईट तो प्रवाह अडवतो म्हणून नाही. प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी दोन सांधे. नळीलाच वाकवलं असतं तर ते दोन सांधे जन्मालाच आले नसते. चोखणाऱ्या बाजूला मी आता सांधे मोजतो, एल्बो नाही.

पानाकाका

+१. सोन्यासारखं सांगितलंत.

वाकवण्याबद्दल एक: स्प्रिंग किंवा अंगठ्याने वाकवू नका, बेंडर वापरा. वाकणात नळी चपटी होऊन तिची बारीक बाजू मूळ व्यासाच्या ७५ टक्क्यांखाली गेली तर ती नळी बाद.

एकपंखी

सगळ्यांचे आभार. पितळी १/४ आजच काढून टाकली. खरं सांगायचं तर त्यांतली दोन फायरवॉलवर बसवून झाली होती. उघडून पाहिलं तर फ्लेअरवर काका म्हणाले तसंच गोल कडं उमटलंय, चकचकीत, नखाला लागतं.

आता पुढचं. गॅस्कोलेटरला निमुळते पाइप-आटे आहेत, १/४ एनपीटी. एएन ८२२ एल्बो लावतोय. घट्ट झाला तेव्हा त्याचं तोंड भलतीकडेच. थोडा मागे फिरवून सरळ केला तर चालेल ना? आणि टेफ्लॉन टेप किती वेढे?

अपूर्णांक

दोन प्रश्न, दोन्हींना नाही.

पानाकाका

ताईंनी माझं काम हलकं केलं. तरी कारण सांगतो, नाहीतर पोरं कारणाशिवाय ऐकत नाहीत.

निमुळता आटा पाचरीसारखा बसतो. एकदा बसला आणि मागे फिरवला की पाचर सुटली. मग सील करतंय ते फक्त आट्यांतलं लुकण. पुढे फिरवून जागेवर येत असेल तर या. पण जोर लावून नाही, कारण गॅस्कोलेटर ओतीव अॅल्युमिनियमचा असतो आणि पाचर त्याला आतून फाडते. पुढे जमत नसेल तर दुसरा एल्बो लावून बघा. सारख्याच दोन फिटिंगचे आटे कुठे सुरू होतात ते वेगळं असतं, पाव-पाव फेऱ्याचा फरक सहज पडतो. मी अशा कामाला बसताना एकाच क्रमांकाचे तीन घेऊन बसतो. जिथे सरळ आटा आणि ओ-रिंगची जागा असते तिथे ही कटकट नाही, तोंड हवं तिकडे करून चेकनट आवळायचा.

टेफ्लॉन टेप इंधनव्यवस्थेत नको म्हणजे नको. तिची एक धांदोटी सुटली की ती सरळ कार्ब्युरेटरच्या सुईपाशी जाऊन बसते. इंधनाला टिकणारं पेस्टच्या रूपातलं सीलंट घ्या, लॉकटाइट ५६७ सारखं. फक्त बाहेरच्या आट्यांना, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर सीलंट आणि रबर दोन्ही त्याला चालतात का ते आधी पाहा.

आणि हे सगळं पाइप-आट्यांपुरतं. फ्लेअरच्या तोंडाला काहीही लावायचं नाही. ना पेस्ट, ना ग्रीस. तिथे धातूच धातूला सील करतो. लोक "खबरदारी म्हणून" लावतात आणि चुकलेला फ्लेअर चार महिने झाकून ठेवतात.

नवशिका_पायलट

काका, आवळायचं किती? माझा एक मित्र "हात दुखेपर्यंत" म्हणतो.

पानाकाका

त्या मित्राला तुमच्या विमानापासून लांब ठेवा.

५०५२-ओ अॅल्युमिनियम नळीला -६ साठी ७५ ते १२५ इंच-पाउंड, -४ साठी ४० ते ६५. एफएएच्या (अमेरिकेचं विमान-नियामक खातं) एसी ४३.१३-१बी या पुस्तकात तक्ता आहे, छापून भिंतीवर लावा. पोलादी नळीचे आकडे याच्या दुपटीहून जास्त असतात, तो रकाना चुकून वाचू नका. दोन पाने लावायचे, एक फिटिंग धरायला आणि एक नट फिरवायला. गळत असेल तर जास्त आवळायचं नाही. उघडा, बघा, फ्लेअर नवा करा. त्याच पुस्तकात ३/८ पर्यंतच्या मऊ अॅल्युमिनियम नळ्यांना दुहेरी फ्लेअर सांगितलेला आहे.

गॅरेजदादा

इथे मात्र मी वाद घालणार. घरी विमान बांधणारे कितीतरी जण -६ ला एकेरी फ्लेअरच करतात, आणि चांगला करतात. ३७ अंशांचा दुहेरी फ्लेअर करणारं हत्यारही सहज मिळत नाही. मोटारीचं दुहेरी फ्लेअरचं हत्यार ४५ अंशांचं असतं. म्हणजे नवखा माणूस "दुहेरी" ऐकून ते उचलणार आणि पुन्हा कोनाच्या खड्ड्यात.

पानाकाका

हा मुद्दा मान्य, दादा. चुकीच्या कोनाच्या दुहेरीपेक्षा बरोबर कोनाचा स्वच्छ एकेरी केव्हाही बरा. कापलेली कड घासून, आतली कोर काढून, फ्लेअर भिंगाखाली बघून मगच.

ढगातला_डबा

फायरवॉलच्या पुढच्या भागाबद्दल कोणी बोलत नाहीये.

अपूर्णांक

बोलते. तिथे प्रश्न गळतीचा कमी आणि आगीचा जास्त. आग-प्रतिरोधक म्हणवणाऱ्या भागाची चाचणी २,००० अंश फॅरनहाइटच्या ज्वाळेत ५ मिनिटं होते, आग-अभेद्य म्हणवणाऱ्याची १५ मिनिटं. २,००० फॅरनहाइट म्हणजे सुमारे १,१०० सेल्सिअस. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, मिश्रधातू त्याहून आधी मऊ पडतात. म्हणून फायरवॉलमधून आरपार जाणारं बल्कहेड फिटिंग पोलादी घ्या. तुमच्या डब्यातल्या त्या काळ्यांची जागा तिथे. वजन थोडं वाढेल, वाढू द्या.

फायरवॉल ते इंजिन कडक नळी कधीच नाही. इंजिन रबरावर डुलतं, फायरवॉल डुलत नाही. तिथे आगरोधक बाही चढवलेला होज, आणि तो ताठ बांधायचा नाही. दाबाखाली होज आखूड होतो, म्हणून लांबीत ५ ते ८ टक्के सैलपणा ठेवतात. बाहीची टोकं बंद केलेली असली पाहिजेत. उघडं टोक तेल-पेट्रोल वातीसारखं शोषतं, मग ती बाही आग अडवणारी नाही, लावणारी होते.

रबरी होज घेतलात तर रोटॅक्सची ५ वर्षांनी बदलायची अट आहे. टेफ्लॉनचा होज जास्त टिकतो, पण वापरात ज्या वळणाला बसतो तेच वळण धरतो. काढल्यावर सरळ करायला गेलात की आतून दुमडतो.

पानाकाका

दाबमापकाच्या फाट्यावर रिस्ट्रिक्टर फिटिंग विसरू नका. बाहेरून साध्या फिटिंगसारखंच, आतलं छिद्र फक्त मिलिमीटरभर. मापकाला दाब कळायला प्रवाह लागत नाही, त्यामुळे काटा बरोबरच दाखवतो. पण ती १/४ नळी तुटली तर पिचकारीऐवजी बारीक धार येते आणि इंजिनाला उरलेलं इंधन मिळत राहतं. इतक्या छोट्या तुकड्याइतकं काम करणारा दुसरा भाग त्या विमानात नसेल.

एकपंखी

लांबलचक खुलासा द्यायला आलोय.

१. पितळी सगळी गेली. दाबमापकाच्या फाट्यावर रिस्ट्रिक्टर बसला. फायरवॉलवर पोलादी बल्कहेड.

२. टाकी ते पंप या भागात आधी ६ एल्बो होते. चारांच्या जागी नळीच वाकवली. आठ सांधे कमी.

३. प्रवाह मोजला. नाकाखाली ठोकळे देऊन चढणीचा कोन केला, टाकीत अगदी थोडं पेट्रोल, इलेक्ट्रिक पंप चालू, कार्ब्युरेटरकडची नळी मोजपात्रात. बाहेर, मोकळ्यावर, अग्निशामक शेजारी ठेवून. एक लिटर ८० सेकंदांत, म्हणजे ताशी ४५. ताईंच्या ३३.७५ पेक्षा बरंच वर.

४. डबेवाल्या दादांची गोष्ट वाचून झोप लागेना, म्हणून चोखणाऱ्या बाजूचीही परीक्षा घेतली. टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही तोडून वेगळे केले, मधल्या नळीत हातपंपाने थोडीशी हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. सगळे कोरडे. गॅस्कोलेटरच्या आधीच्या फ्लेअरवर मात्र दर पाच-सहा सेकंदांनी एक बुडबुडा. पेट्रोल भरलं होतं तेव्हा तिथे एक थेंबही आला नव्हता.

आवळला नाही, काका. उघडला. फ्लेअर एका बाजूला पातळ, नळी कापताना तिरकी कापली गेली होती. कापून नवा करायला गेलो तर नळी अर्धा इंच आखूड पडली. म्हणजे ती अख्खी नळी पुन्हा वाकवणं आलं.

ढगातला_डबा

जमिनीवर सापडला. पार्टी द्या.

पानाकाका

शाब्बास. या वेळी फ्लेअर करायच्या आधी नट आणि स्लीव्ह (फ्लेअरमागे बसणारी कडी) नळीवर चढवा म्हणजे झालं.

एकपंखी

चढवली होती काका. स्लीव्ह उलटी. तिसरी नळी कापतोय.